जुना संगणक, आभासी यंत्र आणि कारणाचा शोध

(संस्थेच्या अभ्यासिकेत विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेले व्याख्यान)





या सभागृहात धम्म, इतिहास, संविधान, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. त्या मानाने आजचा विषय रुक्ष आहे. जुन्या संगणकावर ‘व्हर्च्युअल मशीन’ सुरू होत नसेल, पडद्यावर नुसतीच चूक दाखवली जात असेल, तर काय करावे, हा तो विषय. आम्ही कला शाखेचे पदवीधर, संगणक अभियंता नव्हे. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला, त्याला कारण आहे. पडद्यावर उमटलेली इंग्रजीतली एक ओळ वाचून आपली काही मुले ‘हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ असे ठरवून मोकळी होतात, हे आम्ही पाहिले आहे. ती ओळ मुलाविषयी काहीच सांगत नसते. ती यंत्रातल्या एका विशिष्ट कारणाविषयी सांगत असते. एवढा एक भेद आज स्पष्ट झाला तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.

विषय कसा निघाला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे कार्यालयांतून आणि घरांतून चांगले चालते संगणक बाहेर पडू लागले. त्यांतले आठ आपल्या अभ्यासिकेला देणगीदाखल मिळाले.

आपली मुले लिनक्स, नेटवर्क, सर्व्हर, सायबर सुरक्षा असे अभ्यासक्रम करतात. या प्रत्येकाला सरावासाठी मोडतोड करता येईल असा वेगळा संगणक लागतो. तो कोण देणार? म्हणून एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवण्याची युक्ती वापरतात, तिलाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यासाठी ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आम्ही आठही संगणकांवर बसवले. एकावरही आभासी यंत्र धड सुरू होईना. दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी उभ्याउभ्या पाहून निकाल दिला, “सगळे जुने झालेत. भंगारात काढा आणि नवे घ्या.” कार्यकारिणीपुढे तसा ठरावही येणार होता. तेव्हा महिन्याची मुदत मागून आम्ही आणि चार विद्यार्थी रोज संध्याकाळी बसलो. आठांपैकी सहा संगणक कामाला लागले, दोन लागले नाहीत. ते सहा का लागले आणि दोन का लागले नाहीत, हेच आज सांगायचे आहे.

आभासी यंत्र म्हणजे काय

चाळीतली एक खोली डोळ्यांपुढे आणा. घरात पाहुण्यांचे बिऱ्हाड आले की आपण मध्ये पडदा लावतो. पलीकडचे बिऱ्हाड आपली चूल वेगळी मांडते. पण नळ एकच, मोरी एकच, दिव्याचे मीटर एकच. आभासी यंत्राचे असेच असते. खरा संगणक हा यजमान आणि आत चालणारी दुसरी प्रणाली हा पाहुणा. पाहुण्याला वाटते की प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे सर्व आपलेच आहे. प्रत्यक्षात त्याला सारे यजमानाच्या वाट्यातून मिळते. पडदा सांभाळणारे जे सॉफ्टवेअर, त्याला हायपरवायझर म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली होती. टेबलावरच्या छोट्या संगणकांवर ही सोय १९९९ साली ‘व्हीएमवेअर वर्कस्टेशन’ने आणली. मात्र त्या काळच्या प्रोसेसरमध्ये यासाठी मुद्दाम केलेली व्यवस्था नव्हती; सगळी कसरत सॉफ्टवेअरला करावी लागे. इंटेलने २००५ साली आणि एएमडीने २००६ साली ती व्यवस्था प्रोसेसरमध्येच घालायला सुरुवात केली. इंटेलच्या व्यवस्थेचे नाव व्हीटी-एक्स, एएमडीच्या व्यवस्थेचे नाव एएमडी-व्ही. आज आपण जे काही बोलणार आहोत, त्यातले निम्मे या दोन नावांभोवती फिरते.

व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.० पर्यंतच्या आवृत्त्या प्रोसेसरच्या मदतीवाचूनही ३२ बिटचा साधा पाहुणा चालवू शकत होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये ६.१ ही आवृत्ती आली आणि ती जुनी वाट बंद झाली. तेव्हापासून व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही असल्याशिवाय पाहुणा दारातच अडतो. दहा वर्षांपूर्वी चालत असलेली गोष्ट त्याच संगणकावर आज का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

शोधाची रीत

भगवान बुद्धांनी चार आर्यसत्ये सांगितली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. माणसाच्या दुःखाची आणि यंत्राच्या बिघाडाची तुलना आम्ही करीत नाही. पण विचाराची जी शिस्त त्यात आहे, ती येथेही उपयोगी पडते. बिघाड आहे हे मान्य करा. त्याला कारण आहे हे गृहीत धरा. ‘ग्रह फिरले’, ‘मशीनच पनवती आहे’, ‘माझ्या हाताला यश नाही’ ही कारणे नव्हेत.

पहिले काम, पडद्यावरचा मजकूर पूर्ण वाचा आणि वहीत उतरवून घ्या. पुष्कळ मुले चुकीची खिडकी उघडताच ती बंद करतात, जणू ती लाजेची गोष्ट आहे. त्या खिडकीत ‘डिटेल्स’ असे एक बटण असते. ते दाबले की व्हीईआरआर या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक शब्द दिसतो. खरा धागा तो आहे. याशिवाय प्रत्येक आभासी यंत्राच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्ज’ नावाचा उपफोल्डर असतो. त्यातल्या नोंदवहीत यंत्र सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतची हकीकत वेळेसह लिहिलेली असते. तीत व्हीईआरआर ही अक्षरे शोधा आणि जेथे ती पहिल्यांदा भेटतील तेथून वाचा. पुढच्या चुका बहुधा त्या पहिलीच्याच लेकी असतात.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल करा. आमचे आयुष्य बँकेत गेले. संध्याकाळी रोख आणि खाते यांचा ताळा जुळला नाही, तर कोणी दहा आकडे एकदम खोडत नाही. एकेक व्हाउचर घेऊन टिक करीत जातो आणि फरक नेमका कोठे आला ते सापडते. संगणकावर मात्र आपण घाईने पाच सेटिंग्ज बदलतो. यंत्र सुरू झाले तर कशाने झाले ते कळत नाही, आणि न झाले तर आपणच नवी चूक घातली की काय, तेही कळत नाही.

पहिले कारण : बंद असलेली कळ

आठांपैकी तीन संगणक कोअर आय-३ प्रोसेसरचे होते. कोअर आय-३, आय-५, आय-७ या मालिकांत व्हीटी-एक्स असतेच. तरीही तिन्हींवर एकच तक्रार : व्हीटी-एक्स बायोसमध्ये बंद आहे. म्हणजे सोय आहे, पण कळ दाबलेली नाही. पुष्कळ संगणक कारखान्यातूनच असे येतात.

विंडोज १० वर हे तपासणे सोपे आहे. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा, खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ‘एनेबल्ड’ की ‘डिसेबल्ड’ ते लिहिलेले असते. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा द्या आणि इंटेलसाठी व्हीटी-एक्स, एएमडीसाठी एएमडी-व्ही हा उल्लेख येतो का ते पहा. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायची.

कळ दाबण्यासाठी संगणक सुरू होताच बायोसमध्ये शिरावे लागते. डेलच्या संगणकावर बहुधा एफ-२, एचपीवर एफ-१०, लेनोवोच्या टेबलावरच्या संगणकावर एफ-१ आणि जोडणी केलेल्या संगणकावर डिलीट ही कळ असते. आत गेल्यावर ‘ॲडव्हान्स्ड’, ‘सीपीयू कॉन्फिगरेशन’ किंवा ‘सिक्युरिटी’ या पानांवर शोधा. नावे निरनिराळी असतात : इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, व्हीटी-एक्स, काही जुन्या बोर्डांवर वँडरपूल, आणि एएमडीवर एसव्हीएम. जवळच व्हीटी-डी असे दुसरे नाव दिसते. ते वेगळे आहे, आपल्या कामाला त्याची गरज नाही. पुष्कळ जण तेच चालू करतात आणि ‘करून पाहिले, उपयोग झाला नाही’ म्हणतात.

बदल जतन केल्यावर संगणक नुसता रिस्टार्ट करू नका. पूर्ण बंद करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा आणि मग सुरू करा. काही जुन्या बोर्डांवर वीज पूर्ण तुटल्याशिवाय हा बदल प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही. आमचे तिन्ही संगणक एवढ्यानेच सुरू झाले. खर्च शून्य रुपये.

येथे देणगीदारांना एक विनंती. कार्यालयातून आलेल्या संगणकांच्या बायोसला कधीकधी पासवर्ड असतो. संगणक देतानाच तो काढून द्यावा.

दुसरे कारण : अडीच पैशांचा सेल

चौथा संगणक कोअर टू ड्युओ ई८४०० प्रोसेसरचा. या प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स आहे. दुपारी कळ चालू केली, यंत्र सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच चूक. असे तीनदा झाले. मुले म्हणू लागली, याला रात्री काहीतरी होते.

रात्री काय होत होते? अभ्यासिका बंद करताना आपण मुख्य खटका बंद करतो. बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ वीज नसताना टिकावे म्हणून बोर्डावर नाण्याएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो, त्याचा क्रमांक सीआर२०३२. तो संपला की वीज जाताच बायोस सारे विसरतो आणि व्हीटी-एक्सची कळ पुन्हा बंद पडते. याची खूणही समोरच होती. रोज सकाळी संगणकाची तारीख कितीतरी वर्षे मागची दिसत होती. पण तारखेचा आणि या चुकीचा संबंध कोणी जोडला नव्हता. एका विद्यार्थिनीने तो जोडला. घड्याळाच्या दुकानातून सेल आणला आणि बसवला, तेव्हापासून तक्रार नाही. जुन्या संगणकाची तारीख चुकत असेल तर सर्वांत आधी सेल बदला. बदलताना वीजपुरवठा पूर्ण तोडा.

तिसरे कारण : सोय आधीच दुसऱ्याच्या ताब्यात

पाचवा होता आय-५ प्रोसेसरचा लॅपटॉप. टास्क मॅनेजर म्हणतो ‘एनेबल्ड’, आणि आभासी यंत्र मात्र सुरू होताच थिजते. खिडकीच्या खालच्या पट्टीत एक छोटे हिरवे कासव दिसत होते. ते कासव शोभेचे नाही. विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर, म्हणजे हायपर-व्ही, आधीच जागा अडवून बसला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत हळूहळू काम करावे लागत आहे, असा त्याचा अर्थ. जुन्या यंत्राला हा दुहेरी भार सोसत नाही.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टवर ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा द्या. शेवटी ‘हायपरवायझर आढळला’ अशा अर्थाची ओळ आली, तर निदान पक्के. मग ‘विंडोज फीचर्स’च्या यादीतून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म आणि सँडबॉक्स यांच्यापुढच्या खुणा काढाव्या लागतात; सुरक्षेच्या पानावर ‘कोअर आयसोलेशन’मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करावी लागते, आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. येथे सावधगिरी हवी. मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण आहे. फक्त सरावाच्या संगणकावर ते काढा. ज्यावर संस्थेचे हिशेब किंवा कोणाचे बँक व्यवहार होतात, त्यावर काढू नका.

लिनक्सवरही असाच प्रकार घडतो. तेथे केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. २०२४ अखेर आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून केव्हीएमचा मॉड्यूल चढताच तो प्रोसेसरमधली ही सोय स्वतःकडे घेतो. मग व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’चा उल्लेख करून अडून बसतो. अशा वेळी केव्हीएमचा मॉड्यूल उतरवावा, किंवा सरळ केव्हीएमच वापरावे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, एवढेच लक्षात ठेवावे.

चौथे कारण : यजमान उपाशी

सहावा संगणक पुन्हा आय-३, एकूण मेमरी ४ जीबी. कोणीतरी पाहुण्याला ४ जीबी देऊन टाकली होती. आता यजमानाने काय खावे? सेटिंग करताना जी सरकपट्टी असते, तिचा हिरवा भाग आणि लाल भाग यासाठीच असतो. आमचा सरळ नियम असा : एकूण मेमरीच्या निम्म्यापेक्षा जास्त पाहुण्याला देऊ नये. ४ जीबी असेल तर पाहुण्याला दीड ते दोन जीबी. तेवढ्यात चित्रमय पडदा नसलेले लिनक्स सुखाने चालते, आणि सर्व्हरच्या अभ्यासाला तेच हवे असते. मेमरी देण्यापूर्वी ब्राउझर बंद करावा. आजकाल सर्वांत मोठा खादाड तोच आहे. डिस्कचेही पहावे. आभासी डिस्कची फाइल वापरानुसार वाढत जाते आणि खऱ्या डिस्कवर जागा उरली नाही की पाहुणा मध्येच थांबतो.

किरकोळ वाटणाऱ्या पण रोज भेटणाऱ्या चुका

यजमानाचा काहीच दोष नसतानाही पाहुणा उठत नाही, असे होते.

‘नो बूटेबल मीडियम फाउंड’ असे दिसले, तर पाहुण्याला बसवण्याची आयएसओ फाइल जोडलेलीच नाही, असा अर्थ. प्रोसेसरकडे जाण्याचे कारण नाही. फाइल जोडलेली असेल, तर ती पूर्ण उतरली आहे का, हे तिच्या सोबत दिलेल्या तपासणी-संख्येशी ताडून पहावे. अर्धवट उतरलेल्या फाइलपायी आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या.

‘या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा’ असे पाहुणा म्हणाला, तर तुम्ही ६४ बिटच्या प्रणालीला ३२ बिटचे घर दाखवले आहे. यंत्राचा प्रकार ६४ बिटचा निवडावा. यादीत फक्त ३२ बिटचीच नावे दिसत असतील, तर व्हीटी-एक्स बंद आहे किंवा हायपर-व्हीने धरले आहे, म्हणजे पुन्हा पहिल्या आणि तिसऱ्या कारणाकडे चला. ३२ बिटचा लिनक्स ‘पीएई नाही’ म्हणत असेल, तर यंत्राच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या पानावर पीएई/एनएक्स ही खूण करावी.

पेन ड्राइव्हवरून आभासी डिस्क नेताना ४ जीबीपाशी नक्कल अडकते. पेन ड्राइव्ह बिघडलेला नसतो; फॅट३२ या जुन्या मांडणीत त्याहून मोठी फाइल बसतच नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा; आतला मजकूर पुसला जातो, म्हणून आधी तो दुसरीकडे ठेवावा. आणि नव्या संगणकावर अर्ध्यात गोठवून ठेवलेले यंत्र जुन्या संगणकावर नेऊन तेथून पुढे चालू होईल, अशी अपेक्षा करू नये. दोन प्रोसेसरांच्या क्षमता वेगळ्या असतात. यंत्र आधी नीट बंद करावे, मग न्यावे.

ज्यांना जमले नाही ते दोन

उरले दोन. एक कोअर टू ड्युओ ई४५०० आणि दुसरा पेंटियम ड्युअल-कोअर ई२१८०. दोन्हींवर ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’. येथे ‘बंद आहे’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांतला फरक नीट पहा. या दोन प्रोसेसरांत ती सोय मुळातच घातलेली नाही. बायोसमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही. गंमत अशी की ई४५००चेच भाऊबंद असलेल्या ई६५५० आणि ई८४००मध्ये ती आहे. म्हणून ‘जुना’ या एका शब्दाने काही ठरत नाही. प्रोसेसरवरचा नेमका क्रमांक पहावा लागतो. छोट्या नेटबुकांतल्या एन२७० सारख्या ॲटम प्रोसेसरांतही ती नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते आपण जाणतो. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. दुरुस्तीवाल्या गृहस्थांचे ‘आठही भंगार’ हे म्हणणे पारखल्यावर टिकले नाही. तसेच आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याचे ‘आठही चालतील’ हे म्हणणेही टिकले नाही. सत्य सहा आणि दोन असे होते, आणि ते पारखल्यावरच कळले.

मग त्या दोघांचे काय करावे? विनयपिटकात आनंद आणि राजा उदयन यांचा एक प्रसंग आहे. राणीवशाने आनंदांना पाचशे चीवरे दिली, हे ऐकून राजाला शंका आली की हा भिक्खू इतक्या वस्त्रांचे करणार काय. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती देऊ. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. त्याही फाटल्या तर पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि शेवटी तुकडे करून मातीत कालवून जमीन लिंपू. वस्तू जुनी झाली म्हणजे निरुपयोगी झाली असे नाही; तिचे काम बदलते.

त्याच न्यायाने आम्ही ई४५०० आणि ई२१८० यांच्यावर हलके लिनक्स थेट बसवले. आता त्यांच्यावर बसलेला विद्यार्थी नेटवर्कमधून आय-५च्या लॅपटॉपवरील आभासी यंत्रात शिरतो आणि आज्ञा देतो. खरे तर जगातले बहुतेक सर्व्हर असेच दुरून हाताळले जातात, तेव्हा हा सराव कमअस्सल नाही. ज्यांच्या घरी असा एकच संगणक आहे, त्यांच्यासाठी ‘क्यूएमयू’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली ते प्रसिद्ध केले. प्रोसेसरच्या मदतीशिवायही ते अख्ख्या संगणकाची नक्कल करते. वेग फार कमी मिळतो, पण आज्ञांवर चालणारे छोटे लिनक्स शिकायला पुरतो. व्हर्च्युअलबॉक्सची ६.० ही जुनी आवृत्ती घ्यावी, असाही सल्ला काही देतात. ३२ बिटचा पाहुणा तिच्यावर चालेल. मात्र तिच्या सुरक्षा सुधारणा २०२०पासून थांबल्या आहेत, म्हणून इंटरनेट तोडूनच ती वापरावी.

आपल्या स्वतःच्या कामाचा एक उपयोग

सभासदांना वाटेल, हे सारे मुलांचे झाले, संस्थेला काय? आपल्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळवलेल्या आहेत. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे ते मराठी फाँट. आजच्या संगणकावर फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसता गोंधळ दिसतो. त्या फायलींत दिवंगत कार्यकर्त्यांची मनोगते आहेत, वर्गणीदारांच्या याद्या आहेत, विहार बांधणीचा हिशेब आहे. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या; सीडी मात्र शिल्लक आहेत.

ई८४००च्या संगणकावर आम्ही संस्थेकडे असलेल्या जुन्या परवान्याची विंडोज एक्सपी आभासी यंत्रात बसवली. सुरुवातीला निळा पडदा आला, त्यावर शेवटी ७बी असलेला क्रमांक. कारण असे की एक्सपीला साटा प्रकारची डिस्क ओळखता येत नाही. आभासी डिस्क आयडीई प्रकारच्या कंट्रोलरवर जोडली आणि काम झाले. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला, म्हणून त्या यंत्राचे नेटवर्क आम्ही बंद ठेवले आहे. जुने फाँट घातले, आणि पडद्यावर आपल्या पहिल्या अध्यक्षांचे मनोगत जसेच्या तसे उमटले. आता मुली ते मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेत आहेत. ते आठ संगणक भंगारात गेले असते, तर हा इतिहास वाचणार कशावर?

शेवटी

आम्ही कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, अभ्यासिकेत एक नोंदवही असावी. चूक, तिचे कारण, केलेला बदल आणि परिणाम हे चार रकाने तीत असावेत. लिहिणाऱ्याने मराठीत लिहावे. दोन, कोणताही संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर क्रमांक, मेमरी आणि सेल तपासल्याची नोंद त्या वहीत असल्याशिवाय ठराव मांडू नये. तीन, जो विद्यार्थी एक बिघाड स्वतः शोधेल त्याने तो दुसऱ्या दोघांना शिकवावा.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे ऐकवले गेले, त्यांच्यासाठी ती दारे उघडली. आज तुमच्यापुढे पडद्यावर एखादी ओळ येईल, ‘उपलब्ध नाही’ म्हणून. ती वाचा. काय उपलब्ध नाही, ते विचारा. कळ बंद आहे, सेल संपला आहे, दुसऱ्याने जागा धरली आहे, वाटा चुकला आहे, की ती सोय त्या प्रोसेसरात मुळातच नाही, ते एकेक करून पहा. कारण सापडले तर ते दूर करा. दूर होण्यासारखे नसेल तर वाट बदला. पण कारण पाहिल्याशिवाय उठू नका, आणि यंत्राचा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

अभ्यासिका रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. येताना घरचा जुना संगणक असेल तर त्याच्या प्रोसेसरचा क्रमांक कागदावर लिहून आणा. पुढचे आपण मिळून पाहू.